गौरी जेवतात तेव्हा

गौरींना नैवेद्य दाखवला की मधला पडदा ओढायचा आणि घरच्यांनी सोप्यात गप्प बसून राहायचं, ही मिरजेतल्या एका घरची जुनी रीत. वर्षाच्या लेकी जेवायला बसल्यात, पानात सोळा भाज्या आहेत, पुरणपोळी आहे, आंबील आहे. त्यांना निवांत जेवू द्यावं. दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, पोरांनी तर खोकायचंही नाही. मग टाळी वाजवून पडदा सारायचा आणि माणसांची पानं घ्यायची.

या दहा मिनिटांत एरवी कानावर न येणारं सगळं येतं. घड्याळाची कुरकुर, परसातल्या नळाची ठिबक. पलीकडच्या गल्लीत कोणीतरी तंबोऱ्याची जवारी काढत असतो. तार छेडायची, घोडीवर कानस फिरवायची, पुन्हा छेडायची. मिरजेत हा आवाज कुठे ना कुठे असतोच.

2010 सालच्या गौरीजेवणाला या शांततेत एक आवाज झाला. गंजलेली बिजागरी आणि पावसाळी बेडूक यांच्या मधला कुठला तरी. छातीतून वर आला, गळ्यापाशी अडला आणि तिथल्या तिथे विझला.

सगळ्यांच्या माना रेवतीकडे वळल्या.

रेवती तेव्हा 12 वर्षांची. दोन वर्षांपासून तिच्या गळ्यातून असे आवाज यायचे, म्हणून चुलतभावंडांत तिचं नाव ‘बेडकी’ पडलेलं. धाकट्या काकांना हसू आवरेना, त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडाला लावला. वडिलांनी डोळे वटारले. शेजारच्या पाटावर ताराआत्या होती. तिने पडद्यावरची नजर न हलवता हळूच म्हटलं, “घाईघाईनं खाऊ नये पोरींनी. हवा जाते पोटात.”

सकाळपासून घरात कोणाच्याच पोटात काही गेलं नव्हतं, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

रेवतीच्या ध्यानात आलं होतं ते निराळंच. तो आवाज तिचा नव्हता.

“मी नाही,” असं ती म्हणाली असती तर कोणी मानलं असतं? एकदा चोर ठरलेल्या माणसाने न केलेल्या चोरीबद्दल काय बोलायचं? ती गप्प बसली. संध्याकाळपर्यंत तिला वाटायला लागलं, असेलही आपलाच. आपल्याला कळला नसेल. मला विचाराल तर त्या दिवशी झालेलं खरं नुकसान हे. माणसं हसतात, विसरतात. पण त्या पोरीचा आपल्या अंगावरचा भरवसा गेला. पुढे वर्गात कुठे बाक करकरला तरी ती आधी स्वतःचा गळा चाचपून बघायची.

आता ताराआत्याचं सांगायला हवं. तिने पोरीवर अन्याय केला, यात शंका नाही. पण तो कुठून आला तेही बघायला हवं.

ताराचा जन्म 1956 सालचा. लहानपणी तिची आई दुर्वासांची गोष्ट सांगायची. पांडव वनवासात, द्रौपदीची थाळी धुऊन पालथी घातलेली, आणि दहा हजार शिष्य घेऊन दुर्वास ऋषी दारात. ते नदीवर आंघोळीला जातात, इकडे कृष्ण येतो, थाळीला चिकटलेलं भाजीचं एक पान तोंडात टाकतो आणि तृप्त होऊन ढेकर देतो. तिकडे नदीवर सगळ्यांची पोटं टम्म भरतात, ढेकरांवर ढेकर येतात, आणि आता जेवायचं कसं म्हणून अख्खी ऋषिमंडळी पळ काढते. शेवटचा ढेकर आई स्वतः काढून दाखवायची, पोरं खिदळायची.

सात वर्षांच्या ताराने विचारलं, “त्यातल्या एकाला ढेकर येतच नसला तर?”

“ढेकर येत नाही असं माणूस असतं का कुठं?” आई म्हणाली, आणि पाठीत एक लाडाची चापट.

मारली लाडाने, पण ताराला कळायचं ते कळलं. असं माणूस नसतं. म्हणजे आपण जे आहोत ते कोणाला सांगण्याजोगं नाही.

आपल्याकडे ढेकर ही जेवणाची पोच असते. विलायतेत म्हणे तोंडावर रुमाल धरतात. आपल्या पंगतीत ज्याला मोठा ढेकर येतो त्याच्याकडे यजमानीण कौतुकाने बघते. मठ्ठ्याचा शेवटचा घोट झाला की या टोकाहून त्या टोकाला ढेकरांची फैर झडायची आणि तारा पानाकडे बघत बसायची. पुढे ती हनुवटी छातीला टेकवून तोंडाने खोटा ढेकर काढायला शिकली. फार वाईट जमायचा. कोणी लक्षच देत नव्हतं म्हणून खपून गेला.

आतली तऱ्हा वेगळी. प्रत्येक घोटाबरोबर थोडी हवा सगळ्यांच्याच पोटात जाते. तिची वर यायची, गळ्याच्या बुडाशी धडकायची आणि गुरगुरत माघारी फिरायची. सकाळी पोट सपाट, दुपारी भरलेलं, दिवेलागणीला नगाऱ्यासारखं ताठ. छातीत कळ, मानेत आवळल्यासारखं. रात्री आडवं झालं की मग जरा मोकळं वाटायचं. वरचं दार लावलेलं म्हटल्यावर हवा खालच्या दाराने जाणार, त्याचीही लाज होतीच, आणि ती लाज तर बोलून दाखवायचीही सोय नाही.

तारा गाणं शिकत होती. गळा गोड होता. 19 व्या वर्षी ती मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत गाणं होतं तिथे गाणं शिकवणाऱ्या बाईंबरोबर पुढे जाऊन बसली. मध्यरात्र उलटलेली. गवयाने विलंबित ख्यालात सूर लावून सोडला, मागे फक्त तंबोरे, आणि त्या मोकळ्या जागेत हिचा गळा बोलला. शेजारच्या बाईने नुसता पदर आवरून घेतला. एका शब्दाने कोणी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ताराचा तंबोरा गवसणीत गेला, तो खुंटीवरून पुन्हा उतरला नाही.

तिने पोस्टात नोकरी धरली. भाऊ म्हणायचा, सरकारी नोकरी, पेन्शन. तिचं कारण दुसरं होतं. टपालाला शिक्के मारतानाचा तो ठोका ऐकलाय तुम्ही? एकदा शाईच्या गादीवर, एकदा तिकिटावर, धप् धप्, धप् धप्, तासन् तास. त्या ठोक्यात गळ्यातून काहीही निघालं तरी बुडून जायचं. थैल्या फुटायची वेळ गाठून ती डबा खायची. बाकीच्यांना वाटे, काय कामसू बाई आहे.

बघायला एकदोन स्थळं आली. पोह्यांच्या बशा रिकाम्या व्हायच्या आत तिने मनातल्या मनात नकार ठरवलेला असायचा. लग्नाकार्याला गेली तर अर्धी पोळी, चमचाभर भात; जेवण खरं व्हायचं ते रात्री घरी, एकटीने. लोक म्हणाले, शिष्ट आहे. तेही तिला बरंच वाटलं. शिष्ट माणसाजवळ कोणी फार सरकून बसत नाही.

उपाय झाले. वैद्यांनी नाडी बघून सांगितलं की चरकसंहितेत न अडवण्याचे 13 वेग दिलेत, त्यात ढेकरही आहे. बाईंनी तो अडवू नये. बाईंनी अडवला नव्हता, तो येतच नव्हता, पण हे सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. धाकटा भाऊ बाळू (पुढे रेवतीचा बाप) मोठ्या मायेने स्टेशनवरून गोटी सोडा आणायचा. “घे अक्का, ढेकर येऊन मोकळी होशील.” सोडा पोटात गेला की रात्रभर मरणकळा. दुसऱ्या दिवशी ती म्हणायची, “हो रे, बरं वाटलं.”

पुढे आईच्या पाटल्यांवरून याच भावाशी बिनसलं. आईने त्या कोणाला दिल्या, कधी मोडल्या, काहीच उलगडलं नाही. संशय अक्कावर. आपल्या भाषेत एक वाक्य तयारच आहे, ते बाळूने वर्षानुवर्षं चारचौघांत वापरलं: “पचवल्या अक्कानं. साधा ढेकर दिला नाही!” लोक हसायचे. ताराही ओठ ताणून हसायची. भावाने आयुष्यात तिच्याबद्दल एक अक्षरशः खरी गोष्ट सांगितली ती ही, आणि ती खोट्यासाठी.

तर 2010 सालच्या त्या सोप्यात 54 वर्षांची ही बाई बसली होती. भाचीच्या गळ्यात काय आहे ते तिने दोन वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. अख्ख्या जगात हा आवाज आतून ओळखणारी ती एकटी. आणि तिचा स्वतःचा आवाज सुटला, सगळ्या माना पोरीकडे वळल्या, तेव्हा तिला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. मग ते हवा गिळण्याचं वाक्य तोंडातून गेलं. एवढी वर्षं लपलेल्या माणसाला लपायला नवी जागा सापडली की तिथे आधीच एक पोर दडून बसलंय हे दिसत नाही. दिसलं तरी तो दिसू देत नाही.

वर्षं गेली. रेवती शिकून पुण्यात नोकरीला लागली. तिला शिक्क्यांचा ठोका नव्हता, पण कॉम्प्युटरवरच्या मीटिंगमध्ये आवाज बंद करायचं बटण होतं. समोरासमोरच्या मीटिंगला ती जेवण टाळून जायची. संध्याकाळी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जीन्सचं बटण सैल करून पाच मिनिटं उभी राहायची. कोणी विचारलं तर ठरलेलं उत्तर, “अॅसिडिटी गं.”

डॉक्टर झाले. सकाळी अनशापोटी घ्यायची गोळी, जेवणानंतरची गॅसची गोळी, दूध बंद, हरभरा बंद. दुर्बीण घालून पोट तपासलं, सगळं छान. “टेन्शन कमी घ्या.” प्रत्येकाने विचारलं, “ढेकर किती येतात?” ती म्हणायची, “नाही येत.” यावर डॉक्टर समाधानाने मान हलवून लिहायचे, ढेकर : नाही. कागदावर ती चांगली बातमी होती.

शेवटी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती घशाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी प्रश्न उलटा टाकला. “ढेकर येतो का? आयुष्यात कधी आलाय?” मग आणखी तीन : गळ्यातून बेडकासारखे आवाज? पोट फुगणं, दिवस चढेल तसं वाढत जाणारं? खालून वारा फार? तिसऱ्या ‘हो’ला रेवती रडायला लागली. डॉक्टरांनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. हे त्यांच्या सवयीचं असावं.

अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूची एक कडी असते, त्यांनी चित्र काढून सांगितलं. क्रायकोफॅरिंजियस तिचं नाव. एरवी ती मिटलेली. घास खाली जाताना सैल पडते, आणि खालून हवा आली की वर सोडायलाही सैल पडते. “तुमची खाली जाणाऱ्याला वाट देते, वर येणाऱ्याला देत नाही. एवढंच.” हवा त्या बंद दाराशी येऊन परत फिरते, तिचा हा आवाज. 1987 साली एका वैद्यकीय नियतकालिकात अशा एका रुग्णाची हकीकत छापून आली होती, पण ती तशीच पडून राहिली. 2019 मध्ये अमेरिकेत इलिनॉयच्या डॉ. रॉबर्ट बॅस्टियन यांनी 51 रुग्णांची माहिती एकत्र मांडली आणि नाव रुळलं : रेट्रोग्रेड क्रायकोफॅरिंजियल डिस्फंक्शन. उपाय म्हणजे त्या कडीत बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन, सुरकुत्या घालवायला नटनट्या घेतात तेच. स्नायू काही महिने ढिला पडतो. तेवढ्यात शरीराला ढेकर कसा सोडायचा ते उमगतं, आणि औषधाचा अंमल उतरल्यावरही पुष्कळांना ते येत राहतं. काहींना पुन्हा टोचून घ्यावं लागतं. सुरुवातीचे काही आठवडे घास सावकाश उतरतो, पाण्याचा घोट घेत जेवावं लागतं.

रेवतीला स्टेशनवरची सोड्याची बाटली आठवली. मानेत काचेची गोटी, आतला गॅस तिला खालून वर रबराच्या कड्यावर दाबून धरतो. गॅस जितका जास्त तितकी गोटी घट्ट. बाटली आपली आपण उघडूच शकत नाही. कोणीतरी वरून अंगठा द्यावा लागतो. (डॉक्टर म्हणाले, उपमा पुरती जुळत नाही, स्नायू म्हणजे गोटी नव्हे. पण रेवती आता ती सोडणार नव्हती.)

इंजेक्शन ठरलं जुलै 2024 मध्ये. त्याआधी जूनच्या शेवटी ती दोन दिवस मिरजेला आली आणि वाडा पाहुण्यांनी भरल्यामुळे आत्याच्या खोलीत झोपली.

पाऊस नुकता थांबलेला. परसात खरे बेडूक सुरू झाले होते. दिवा मालवल्यावर रेवतीच्या गळ्यातून एक आवाज गेला. तिने सवयीने खोकून तो झाकला. थोड्या वेळाने पलीकडच्या कॉटवरून तसाच आवाज आला. तो कोणी झाकला नाही.

परत शांतता. मग आत्या अंधारात म्हणाली, “तो तुझा नव्हता.”

“आत्ताचा? माहितीय की.”

“आत्ताचा नव्हे गं. गौरीजेवणातला. तू सहावीत होतीस.”

रेवती उठून बसली. चौदा वर्षं ज्या गोष्टीची खात्री ती स्वतःलाच देऊ शकली नव्हती, ती समोरच्या कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. संताप यावा तेवढा आला. “आत्या, मला किती वर्षं वाटत होतं माहितीय, की मला माझंच ऐकू येत नाही?”

आत्याने सफाई दिली नाही. हे तिच्या बाजूने लिहून ठेवायला हवं. तुझ्या बाबांचा धाक होता, माझं वय झालं होतं, असलं काही ती म्हणाली नाही. “चुकलं,” म्हणाली. “तुला सांगायला मी एकटीच होते, आणि मीच तुझ्या नावावर खपवला.”

बराच वेळ फक्त बाहेरचे बेडूक बोलत राहिले. मग रेवतीने डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. कडी, हवा, इंजेक्शन. आत्याने मधेच थांबवलं.

“याला नाव आहे?”

“आहे.”

“दिवा लाव. लिहून दे.”

रेवतीने वहीच्या पानावर ते लांबलचक नाव देवनागरीत लिहिलं. आत्याने चष्मा चढवून ते टपालावरच्या पत्त्यासारखं बोट ठेवत वाचलं. “पोस्टात नाव नाही, पत्ता नाही, असं पत्र आलं की कुठे जातं ठाऊक आहे? आरएलओला, बेवारस पत्रांच्या कचेरीत. तिथे पडून राहतं. पाठवणाऱ्यालाही कळत नाही की पोचलं नाही.” कागदाची घडी करून तिने उशीखाली ठेवली.

पहाटे कधीतरी रेवतीने विचारलं, “त्या दुर्वासांच्या गोष्टीत तू आजीला काय विचारलं होतंस म्हणे?” आजी ती आठवण गंमत म्हणून सगळ्यांना सांगायची.

“त्यातल्या एकाला ढेकर येतच नसला तर.”

“मग काय केलं असेल गं त्यानं?”

“पळाला असेल,” आत्या म्हणाली. “पोटावर हात फिरवत, सगळ्यांबरोबर. मागे वळून त्या थाळीत काही आहे का हे सुद्धा बघितलं नसेल.”

इंजेक्शन झालं. पहिला आठवडा वरणभातसुद्धा अडखळत उतरत होता; रेवती घाबरून दोनदा दवाखान्यात फोन करून बसली. पाचव्या दिवशी पाणी पिता पिता गळ्यात काहीतरी हललं आणि एक आवाज बाहेर पडला. बारीक, ओबडधोबड, खांद्यावरच्या तान्ह्या बाळाच्या ढेकरासारखा. ती उभ्या जागी थिजली. मग आणखी एक. तिने मिरजेला फोन लावला आणि काही न बोलता पुढचा येईपर्यंत फोन तोंडाशी धरून ठेवला. पलीकडून आत्याने तो ऐकला. “अगदी आईसारखा,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

तूही दाखवून ये, असं रेवतीने चारदा सांगितलं. आत्या म्हणाली, 68 व्या वर्षी भूल घेऊन गळ्यात सुई टोचून घ्यायची मला हौस नाही. रेवती अजून तिच्या मागे आहे, ते काय व्हायचं ते होईल.

सप्टेंबरमध्ये गौरी आल्या. पडदा ओढला. सोप्यात पाट मांडलेले, घड्याळ कुरकुरत होतं. धाकट्या काकांचा सात वर्षांचा नातू ओम भुकेने चुळबुळत होता. रेवती आणि ताराआत्या शेजारी शेजारी.

दहा मिनिटांतली सहा झाली असतील. आवाज आला. बिजागरी आणि बेडूक यांच्या मधला.

सगळ्यांच्या माना रेवतीकडे वळल्या. सवयच ती. ओम फिस्सकन हसला.

“माझा होता,” ताराआत्या म्हणाली.

गौरींच्या जेवणात कोणी मोठ्याने बोलल्याची त्या घरातली ही पहिलीच वेळ. बाळूने ओठांवर बोट ठेवलं. पण आत्या थांबली नाही. “आत्ताचा माझा. रेवती सहावीत असताना आला होता तोही माझाच. तुम्ही सगळे तिला हसलात आणि मी बसून राहिले.”

“अक्का, अगं गौरी...”

“जेवू देत त्यांना. त्या बायकाच आहेत, ऐकू देत. बाळू, मला ढेकर येत नाही. जन्मात आलेला नाही. तो गळ्याचा एक विकार आहे, त्याला नाव आहे, कागद माझ्याकडे आहे.”

बाळूचं तोंड उघडं राहिलं. आपलं ते जुनं वाक्य त्याला आठवत असावं, कारण तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. “म्हणजे अक्का, मी एवढी वर्षं जे...”

“ते खरंच होतं रे,” आत्या म्हणाली. “पाटल्या सोडून.”

पहिल्यांदा हसली ती सुमन, बाळूची बायको. मग काका. मग पडद्याच्या अलीकडे असा काही हशा उसळला की टाळी वाजवून पडदा सारायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. पाटल्यांचं पुढे काय झालं विचाराल तर काही झालं नाही. त्या अजूनही सापडलेल्या नाहीत. पण बाळूने तो विषय पुन्हा काढल्याचं ऐकिवात नाही.

पानं मांडली. सुमन पोळ्यांची परात घेऊन आली. ओम मुद्दाम पाट ओढून आत्याच्या समोर येऊन बसला होता, आणि डोळ्याची पापणी न लववता तिच्या गळ्याकडे बघत होता.

“आत्याआजी, ढेकर येत नाही तर पोट भरलं हे तुला कळतं कसं?”

आत्या विचारात पडली. तेवढ्यात शेजारी रेवतीला एक लहानसा ढेकर आला. कोणी वळून पाहिलं नाही.

“वन्सं, पोळी?” सुमनने रीतीप्रमाणे विचारलं आणि रीतीप्रमाणे अर्धी मोडायला घेतली.

“मोडू नको,” ताराआत्या म्हणाली. “अख्खी वाढ. आणि वर तूप सोड.”